मदत हवी आहे: तळ्याच्या गाळातून ऑस्ट्राकोड निघतच नाहीत, १२ दिवस राहिलेत

करवीर_०४
नमस्कार मंडळी, लय अडकलोय, कुणीतरी लवकर सांगा. तळ्याचा गाळ आहे, त्यातनं ऑस्ट्राकोड (दोन शिंपल्यांचे बारीक जलजीव) आणि कॅरा या पाणशेवाळाची जायरोगोनाइट (चुन्याची बारीक बीजं) काढायची आहेत, एमएस्सीचं डेझर्टेशन, १२ दिवसांत सबमिशन. चार वेळा धुतला, चारही वेळा चाळणीवर नुसती काळी बारीक वाळू आणि मातीची ढेकळं, एक शिंपली नाही. माझ्याबरोबर फील्डला होता त्या मित्राला त्याच थरातनं दोनशेच्या वर मिळालेत. शिवाय त्या थराच्या वरचा एक दगड आणलाय, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो, आमचे गाइड म्हणतात हा शेवाळाचा रीफ आहे का साधा कंकर, म्हणजे मातीतली चुन्याची गाठ, ते सिद्ध कर. कसं करायचं? ६३ मायक्रॉनची चाळणी आणि स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे. अजून काही लागत असेल तर सांगा पण महाग नको.

रंकाळावेस
संध्यामठाच्या बाजूचा गाळ काढलास का पदपथाच्या बाजूचा? काठावरचा घेतलास तर त्यात प्लॅस्टिक, निर्माल्य आणि जलपर्णीची मुळंच येणार. आत होडीतनं जाऊन खालचा घ्यायला पाहिजे. रंकाळा मुळात दगडाची खाण होती हे पण लिही डेझर्टेशनात, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

करवीर_०४
रंकाळ्याचा नाही हो दादा. जुना गाळ, म्हणजे दगड झालेला. इंटरट्रॅपियन.

जुना_भूगर्भी
बाळ, हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. इतरांसाठी सांगतो. आपला काळा पाषाण म्हणजे थरावर थर आलेला लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दोन उद्रेकांच्या मध्ये जिथं पाणी साठलं तिथं तळी झाली, त्यात गाळ बसला आणि पुढच्या लाव्ह्यानं तो झाकला. तो इंटरट्रॅपियन. नागपूरजवळची टाकळी, जिथनं हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्यानं १८५० च्या दशकात जीवाश्म गोळा केले. छिंदवाड्याकडं मोहगाव कलां आणि झिलमिली. मुंबईत मलबार हिल, वरळी, तिथं तर बेडकांचे सांगाडे मिळालेत. पण यातला प्रत्येक दगड वेगळा. मोहगावचा बराचसा चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा कडक, तो जन्मभर धुतलास तरी सुटणार नाही, त्याचे थिन सेक्शनच, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचे पातळ कापच करावे लागतात. तेव्हा आधी सांग, गाव कुठलं, नखानं ओरखडा उठतो का, ऍसिडच्या थेंबानं फसफसतो का.

करवीर_०४
छिंदवाड्याच्या बाजूचाच आहे सर. चर्ट नाही, हिरवट राखाडी, नखानं ओरखडा उठतो, मार्ल (चुना मिसळलेली चिकणमाती) म्हणाले होते तिथं. फसफसतो, लय फसफसतो, पहिल्यांदा टाकलं तेव्हा बीकरमधनं उतू गेला.

आजरा_घनसाळ
आमच्याकडं बोअर मारताना १८० फुटाला असाच हिरवट मऊ थर लागलेला, मशीनवाला म्हणाला आता पाणी लागणार, आणि लागलं नाही. दोन काळ्या दगडांच्या मधला होता. असल्या थरात पाणी असतं का नसतं? कुणी जाणकार असेल तर सांगा, पुढच्या महिन्यात दुसरा बोअर मारायचा विचार आहे.

पिकिंगब्रश
करवीर, थांब. "पहिल्यांदा टाकलं" म्हणजे काय टाकलं? किती? किती वेळ?

करवीर_०४
१० टक्के हायड्रोक्लोरिक ताई. सीनियरच्या वहीत प्रोसेस होती ती केली. आधी ऍसिड, फसफसायचं थांबेपर्यंत, मग पाणी, मग हायड्रोजन पेरॉक्साइड घालून गरम करायचं, मग धुवायचं. चारही वेळा तसंच, अगदी वहीबरहुकूम.

पिकिंगब्रश
अरे देवा. ती डायटमची, म्हणजे एकपेशी सूक्ष्म शेवाळाची प्रोसेस आहे रे. डायटमचं कवच सिलिकाचं, त्याला हायड्रोक्लोरिकनं काही होत नाही, म्हणून आधी चुना उडवून लावायचा, मग पेरॉक्साइडनं सेंद्रिय जाळायचं. तुला काय पाहिजे? ऑस्ट्राकोड. त्याची शिंपली कशाची? कॅल्साइटची. जायरोगोनाइट कशाचं? तेही कॅल्साइटच, कॅराचं बीज धरणारी पेशी आणि तिच्याभोवती पाच नळ्यांचा पीळ, त्या पिळात चुना साठतो म्हणूनच ते टिकतं. बीकर उतू गेला तो फेस म्हणजे तुझा मार्ल आणि त्यातल्या शिंपल्या दोन्ही. खाली उरली ती बसाल्टची काळी वाळू आणि चिकणमाती. मित्राने काय वापरलं विचार, बहुतेक नुसतं पाणी आणि सोडा असणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. न धुतलेला किती उरलाय?

करवीर_०४
३०० ग्रॅमच्या आसपास असेल. मित्राला विचारलं, धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवला म्हणाला. चार पिशव्या गेल्या माझ्या ताई. तीन दिवस उन्हात तो थर खोदत होतो.

खडीमशीन
३०० ग्रॅम भरपूर आहे भावा, एवढ्यात शेकड्यांनी निघतील. आता सोडाबिडा काही नको, रॉकेल. मी एका तेलाच्या सर्व्हेवर सहा वर्षं सॅम्पल धुतलेत, रॉकेलसारखं दुसरं काही नाही. दगडाचे बोराएवढे तुकडे कर, कुटायचे नाहीत, हातानं नायतर पकडीनं मोडायचे. ओव्हनमध्ये एकदम कोरडे कर, ओल अजिबात नको. गार झाले की रॉकेलमध्ये बुडव, एक-दोन तासांत पितात. मग रॉकेल ओतून काढ आणि गरम पाणी घाल, डोळ्यांदेखत चिखल होतो. पाणी आत शिरताना रॉकेलला बाहेर ढकलतं आणि चिकणमातीचे थर फुटतात. शिंपलीला धक्का पण लागत नाही.

पिकिंगब्रश
रॉकेल आणायचं कुठून? रेशनला बंद होऊन वर्षं झाली इकडं. आणि ६३ ची चाळणी रॉकेलनं तेलकट झाली की पुढचं प्रत्येक सॅम्पल तिच्यावर तरंगतं. ३ ते ५ टक्के पेरॉक्साइड, चिमूटभर सोडा घालून, थंड, दोन-तीन तास. संपलं.

खडीमशीन
पेरॉक्साइड स्वतःच आंबट असतंय, पातळ शिंपल्यांची चकाकी घालवतंय, हे मी डोळ्यानं बघितलंय. आणि रॉकेल नसलं तर रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं, तेच काम करतं.

पिकिंगब्रश
म्हणूनच सोडा घाल म्हणाले ना. वाचत जा पूर्ण. रात्रभर विसरलं की चकाकी जाते, दोन तासांत नाही. आणि टर्पेंटाइन सुचवताना ओव्हन बंद, खिडकी उघडी, जवळ ज्योत नाही, हे सांगायचं असतं. समोरचा विद्यार्थी आहे, घरच्या स्वयंपाकघरात करेल.

खडीमशीन
बरोबर आहे, ते लिहायला पाहिजे होतं. करवीर, ज्योतीजवळ अजिबात नको.

जुना_भूगर्भी
दोघांचंही चालतं, पण पहिल्यांदा ५० ग्रॅम नुसत्या पाण्यात टाकून बघ. मार्ल मऊ असेल तर पाण्यातच विरघळल्यासारखा सुटतो. नाही सुटला तर पुढचं. ३०० ग्रॅम एकदम कशातच घालू नकोस. आणि चाळणी आधी मेथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवून काढ, म्हणजे आधीच्या सॅम्पलमधलं काही जाळीत अडकलं असेल तर ते निळं दिसेल आणि तू ते मोजणार नाहीस.

सीमाभाग
शेवाळाच्या दगडाबद्दल लिहितो. बागलकोट बाजूला कलादगीच्या डोलोमाइटमध्ये (चुनखडीसारखा दगड) स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचलेले दगड आहेत, एक सुट्टी काढून बघून ये, कोल्हापूरहून लांब नाही. कांद्यासारखे थर दिसतात कापलेल्या भागात, एकदा बघितलं की विसरत नाही माणूस.

जुना_भूगर्भी
ते समुद्रातले, आणि १०० कोटी वर्षांहून जुने. तळ्यातल्या रीफशी तुलना करायची तर जपून. तिथं सूक्ष्मजीवांच्या चटयांनी गाळ धरून ठेवला, एवढं साम्य घे, पुढं जाऊ नको.

बावड्याचा_म्युनिककर
मूळचा कसबा बावडा, आता इकडं म्युनिकला असतो. भूगर्भवाला नाही, मेकॅनिकल, पण दर सुट्टीला रीस क्रेटरला जातो म्हणून लिहितोय, कारण हा विषय तिथला जीव की प्राण आहे. सुमारे २४ किलोमीटरचा खड्डा, दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का पडून झालेला, त्याच्या आत नोर्डलिंगेन गाव, त्यांचं मोठं चर्चसुद्धा उल्केच्या धक्क्यानं झालेल्या दगडाचं. उल्केचाच खड्डा हे १९६० साली शूमेकर आणि चाओ यांनी कोएसाइट (प्रचंड दाबाखाली होणारं सिलिकाचं खनिज) सापडल्यावर सिद्ध केलं, तोवर लोक ज्वालामुखी म्हणायचे. १९७० साली अपोलो १४ चे अंतराळवीर तिथं दगड ओळखायला शिकायला आले होते. आणि त्या खड्ड्यात तळं झालं ना, त्याच्या काठानं हिरव्या शेवाळाचे रीफ वाढले, क्लॅडोफोराइट्स म्हणतात त्या शेवाळाला. हाइन्सफार्टच्या जुन्या खाणीत भिंतच उभी आहे, कित्येक मीटर, शंकूवर शंकू रचल्यासारखी. हात लावला तर खरखरीत, आणि जवळनं बघितलं तर केसाएवढ्या नळ्याच नळ्या, शेवाळ कुजून गेलं आणि भोवतीचा चुना राहिला. मधल्या फटींत हायड्रोबिया गोगलगाई, तांदळाच्या कणीएवढ्या, मूठ भरून घ्या एवढ्या. आणि ऑस्ट्राकोड पण, संख्येनं अफाट, जाती मात्र मोजक्या, कारण पाणी खारट-क्षारट होतं आणि ते सहन करणारे थोडेच.

रंकाळावेस
म्हणजे आपल्या लोणारसारखंच की. २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं ते पाणी, आमच्या ग्रुपवर कुणी काय न् काय लिहिलं होतं.

पिकिंगब्रश
मिठात राहणारे सूक्ष्मजीव वाढले होते म्हणून. लोणारचं पाणी पण क्षारट, पीएच १० च्या आसपास, खड्डा पण उल्केचा, तेवढी तुलना चांगली आहे. पण आपण विषयावर येऊया. बावडेकर, तुमच्या त्या "केसाएवढ्या नळ्या" हेच करवीरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. करवीर, दगड कापलास का?

करवीर_०४
नाही, एकच आहे म्हणून धीर होईना. बाहेरनं पांढरट, गाठीगाठींचा, दोन मुठींएवढा.

जुना_भूगर्भी
कापल्याशिवाय कळणार नाही. बाहेरून कंकरही तसाच दिसतो, पंचगंगेच्या काठच्या काळ्या मातीत पोत्यानं मिळेल. कंकर मातीत तयार होतो, त्यात मुळांची भोकं, वाळून पडलेल्या भेगा आणि मध्येच तरंगल्यासारखे बसाल्टचे कण असतात, त्याच्या गाठी वाटेल त्या दिशेला वाढतात. शेवाळाचा रीफ पाण्यात, उजेडाकडं वाढतो, म्हणून त्याचे पापुद्रे सगळे एकाच बाजूला फुगलेले असतात, वरती. तेव्हा मुख्य प्रश्न हा, की तुझ्या दगडाची वरची बाजू कुठली? उचलताना बाण काढलास का?

करवीर_०४
नाही काढला. फोटो आहे पण तो उचलल्यानंतर हातात धरलेला.

सीमाभाग
मग संपलंच. वरची बाजू माहीत नाही तर पापुद्रे कुठं फुगलेत याला काय अर्थ.

जुना_भूगर्भी
संपलं नाही. गोगलगायी शोध. मेलेली गोगलगाय तळाशी पडते, तिच्या पोटात चिखल शिरतो आणि पाण्यातल्यासारखा सपाट बसतो, वरची अर्धी जागा रिकामी राहते, नंतर तिथं पांढरं कॅल्साइट भरतं. म्हणजे प्रत्येक शंखात गवंड्याच्या लेव्हलच्या बाटलीसारखी एक आडवी रेघ. काळं खाली, पांढरं वर. एकावर विश्वास ठेवू नको, चार-पाच शंख एकच दिशा सांगत असतील तर ती दिशा धर. याला जिओपेटल म्हणतात. मी ३० वर्षं शिकवलं, आणि अजूनही असा शंख दिसला की मला बरं वाटतं.

शिरोली एमआयडीसीत ग्रॅनाइट कापणाऱ्याकडं जा, पाणी सोडून सावकाश काप म्हणावं. अर्धा जपून ठेव.

आजरा_घनसाळ
माझ्या बोअरचं कुणीच सांगितलं नाही.

खडीमशीन
काका, दोन लाव्हाथरांच्या मधला मऊ थर चिकणमातीचा असला तर पाणी धरतो पण सोडत नाही, पाणी बहुतेक वेळा भेगा पडलेल्या दगडातनं येतं. जागा ठरवायच्या आधी आजूबाजूच्या विहिरी बघा, कुठल्या उंचीवर झरा आहे ते. नुसत्या मशीनवाल्याचं ऐकू नका.

करवीर_०४
अपडेट देतोय, चार दिवस गायब होतो.

सर म्हणाले तसं ५० ग्रॅम नुसत्या पाण्यात टाकला, अर्धाच सुटला. उरलेली ढेकळं वाळवून ताईंच्या पद्धतीनं, ३ टक्के पेरॉक्साइड आणि चिमूटभर सोडा, बरोबर दोन तास घड्याळ लावून. काल रात्री ट्रेमध्ये पसरलं. पहिल्या दोन चौकटी तीच काळी वाळू, हात थरथरायला लागले होते. तिसऱ्या चौकटीत एक घेवड्याच्या दाण्यासारखं, गुळगुळीत, पिवळसर, दोन्ही शिंपल्या मिटलेल्या. ओला ब्रश लावला तर चिकटून वर आलं. पहाटेपर्यंत ४३ झाले, आणि दोन गोल, त्यांच्यावर पीळ, मी पाच रेघा मोजल्या. मित्राला उठवून दाखवले.

दगड पण कापला. सुकल्यावर काहीच दिसेना म्हणून नळाखाली धरला, आणि ओला झाल्याबरोबर पापुद्रे उमटले, एकात एक बशा ठेवल्यासारखे. चार शंख आहेत कापावर. तिघांत काळं एका बाजूला, पांढरं दुसऱ्या बाजूला, आणि रेघा समांतर. चौथा पूर्ण पांढरा आहे. पांढऱ्याची बाजू वर धरली तर बशा उपड्या होतात, म्हणजे फुगवटा वर. नळ्या मात्र लेन्सनं दिसत नाहीत.

जुना_भूगर्भी
छान. चौथा शंख लपवू नको, तोही लिही. नळ्या थिन सेक्शनमध्ये बघायच्या, नसल्या तर नाहीत म्हणायचं, मग "शेवाळाचा रीफ" न म्हणता "सूक्ष्मजीवांचे पापुद्रे असलेला चुनखडक" एवढंच लिहायचं, गाइडना तेही पटेल.

करवीर_०४
हो सर. तुकडा उद्या थिन सेक्शनला पाठवतोय.

पिकिंगब्रश
पाठवायच्या आधी त्याच्यावर पक्क्या मार्करनं बाण काढ. वरच्या दिशेला.