प्राथमिक शाळेत पर्यावरण शिकवायचं म्हणजे पोस्टर रंगवायचं का?

खाडीकाठ:
मुलगी चौथीत आहे, घरापासून खाडी दोनशे पावलांवर. परवा पर्यावरणाचा प्रोजेक्ट म्हणून थर्माकोलची पृथ्वी करायला सांगितली, आणि राज्यात तर 2018 पासून थर्माकोलवर बंदी! वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, तिला तिवर आणि चिपी ही खाडीच्या चिखलात वाढणारी कांदळवनातली झाडं वेगवेगळी ओळखता येत नाहीत. तिवराच्या पानावर मीठ येतं, चाटलं की कळतं, चिखलातून वर आलेली टोकं म्हणजे श्वास घेणारी मुळं, हे तिला शाळेत कोणी दाखवलंच नाही. चिपी 2020 पासून आपल्या राज्याचं कांदळवन वृक्ष आहे. परिसर अभ्यासाचा तास खाडीवर का घेत नाहीत?

दोनशिक्षकी:
ताई, मी शिक्षक आहे, तुमचं म्हणणं पटत नाही. 60 मुलांपर्यंत कायद्याने दोनच शिक्षक मिळतात, आमच्याकडे पहिली ते पाचवी दोघंच बघतो, त्यात माहिती भरा, ट्रेनिंगला जा. अर्धी मुलं जोडाक्षर अडखळत वाचतात. एखादं पोर चिखलात रुतलं तर पालक आधी माझीच कॉलर धरणार. आधी वाचायला येऊ दे, मग खाडी.

बंदरावरची:
गुरुजी, वाचन आणि खाडी अशी भांडणं का लावताय? आमच्या घरची पोरं तिथीवरून सांगतात, अवस-पुनवेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीला भांग म्हणजे लहान भरती. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, मग आज सकाळी 7 ला आली तर चार दिवसांनी किती वाजता, हे गणितच आहे ना? 1 जून ते 31 जुलै होड्या का ओढून ठेवतात, पावसात मासळी अंड्यावर असते म्हणून, हे माझ्या आजोबांना वर्गात बोलवा, ते सांगतील. पण शाळेत आमच्या पोरांना गप्प बसवतात, मासे मारणाऱ्याच्या घरचं शहाणपण पुस्तकात नाही ना म्हणून.

सड्यावरून:
मला दोन्हीकडचं खटकतंय. खाडीत घाण पाणी सोडणारे मोठे, तिवरं तोडून भराव टाकणारेही मोठे, आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, कचरा वेचायला दुसरीतली पोरं, हातात मोजेसुद्धा नाहीत, गावातल्या एका कार्यक्रमात मी स्वतः बघितलंय. 1991 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने पर्यावरण हा विषय शिकवाच असं सांगितलं ते बरोबरच, पण नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर पृथ्वी वाचवायचं ओझं टाकू नका.

खाडीकाठ:
सड्यावरून, कचरा वेचण्याबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. म्हणूनच ओळख आधी म्हणतेय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला समुद्री कासवाची अंडी पूर्वी खायला-विकायला न्यायचे, आता तीच गावातली माणसं घरटी राखतात, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि पोरं स्वतः ती समुद्राकडे जाताना बघतात. तिथल्या पोराला कासव वाचवा म्हणून पोस्टर लागत नाही.

दोनशिक्षकी:
वेळासला गाव मागे उभं राहिलं, माझ्यामागे कोण? मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, चार पालक सोबत आणि ओहोटीची वेळ बघून शनिवार मिळाला तर तिसरी-चौथीला नेईन. वाचनाचा तास मात्र कापणार नाही.

बंदरावरची:
चारातली एक मी. पुढचा शनिवार अष्टमीचा आहे, भांगाला पाणी जास्त चढत नाही, दोरी घेऊन येते.