डेप्थ-ऑफ-फील्ड अडॅप्टर आणि कॅमेरा एका रेषेत कसे आणावेत?

प्रश्न: माझ्या हँडीकॅमपुढे दुधी काच फिरवणारा अडॅप्टर आणि त्यावर निकॉनची जुनी ५० मिमी लेन्स लावली आहे. लेन्सचे चित्र त्या काचेवर उमटते आणि हँडीकॅम तेच टिपतो. चित्राचा मध्य स्वच्छ दिसतो. परंतु डावा कोपरा काळवंडतो आणि उजवी बाजू मऊ, म्हणजे अस्पष्ट, पडते. चूक नेमकी कोठे असावी?

उत्तर १: ही दोन वेगळी दुखणी आहेत. झूम कमी करून काचेची संपूर्ण चौकट पडद्यावर आणावी आणि ती चारही बाजूंनी सारखी दिसेपर्यंत आधाराच्या रॉडवरील कॅमेऱ्याची उंची व बाजू बदलावी. त्यानंतर काचेची मोटर बंद ठेवून, ऑटोफोकस व स्टेबिलायझर (हादरे कमी करणारी सोय) बंद करून, कॅमेऱ्याचा फोकस काचेच्या कणांवर, म्हणजे तिच्या खरबरीत पोतावर, हाताने साधावा. कण एका बाजूला ठळक आणि दुसरीकडे पुसट दिसत असतील, तर कॅमेरा काचेला काटकोनात नाही, असे समजावे. मग कडा नाहीशा होईपर्यंत झूम करून फोकस पुन्हा तपासावा.

उत्तर २: वरील क्रम योग्यच आहे. मात्र एवढे करूनही लेन्स अनंताच्या (∞) खुणेवर ठेवूनही दूरचा डोंगर स्पष्ट दिसत नसेल, तर कॅमेऱ्याला हात लावू नये. लेन्सच्या बैठकीपासून काचेपर्यंतचे अंतर तपासावे, जे निकॉनसाठी ४६.५ मिमी असते.

प्रश्नकर्ता: कॅमेऱ्याखाली पातळ पत्रा सरकवताच उजवी बाजू सुधारली. कण मात्र अजून दिसतात.

उत्तर १: निकॉन लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/२.८ च्या आसपास ठेवावे. ते लहान केले की कण हमखास उठून दिसतात.