ज्या कामावर घर चालते, त्याबद्दल विवेक काय म्हणतो? आपापले अनुभव लिहावेत

श्वासमात्रा

मी सोलापुरात एका रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागात परिचारिका आहे. मागच्या आठवड्यात एका वयस्कर रुग्णाला ऑक्सिजन लावताना त्याच्या सदऱ्याच्या खिशातून विड्यांचा कट्टा खाली पडला आणि त्यावरचा छाप पाहून मी थबकले, कारण माझ्या आईने जन्मभर त्याच छापाच्या विड्या वळल्या.

तेंदूची पाने रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असत. पहाटे अम्मा मांडीवर सूप घेऊन बसे, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री फिरवी, चिमूटभर तंबाखू भरून विडी वळी आणि दोऱ्याने बांधी. आमच्याशी तेलुगूत बोलत असतानाही तिचे हात थांबत नसत. ब्रँचवर, म्हणजे कारखान्याच्या शाखेत, माल दिला की छाट, म्हणजे नापास विड्या, वजा होऊन उरलेल्याची मजुरी दर हजार विड्यांच्या हिशेबाने मिळे. माझे शिक्षण विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर झाले. ती ज्या कल्याण निधीतून येई, तो निधी १९७६ च्या कायद्याने विडीवर बसवलेल्या उपकरातून जमत असे; म्हणजे विड्या जितक्या जास्त खपतील, तितका आमच्या शिक्षणाचा पैसा वाढणार.

ज्यांना मी आज विडी सोडा म्हणून समजावते, त्यांच्याच पैशातून मी शिकले. अम्माला दोष द्यायला माझे मन धजत नाही, पण या हानीत तिचा काहीच वाटा नाही असे म्हणणेही मला प्रामाणिक वाटत नाही. आपल्या किंवा घरच्यांच्या कामाबद्दल असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर त्याचा विचार तुम्ही कसा केलात ते कृपया सविस्तर लिहा.

घरकुलवासी

ताई, आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात राहतो आणि माझ्या सासूबाई अजूनही विड्या वळतात. विडी वाईट आहे हे त्यांना कोणी सांगायला नको, कारण तंबाखूच्या धुळीने येणारा खोकला त्यांच्याच छातीत आहे. माझे मत असे, की ज्याच्या हातात जितकी निवड, तितकी त्याची जबाबदारी. कारखानदाराला भांडवल दुसरीकडे वळवता येते आणि सरकारला धोरण बदलता येते, पण चौथीत शाळा सुटलेल्या आणि पदरात तीन मुले असलेल्या बाईला काय बदलता येणार होते? हिशेब मांडायचाच असेल तर तो वरून खाली मांडावा. आपल्याकडे मात्र उपदेशाची सुरुवात नेहमी सूप मांडीवर असलेल्या बाईपासूनच होते.

माढेकर

माझा प्रश्न उसाचा आहे. शेत उजनीच्या कालव्यावर आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ्यात गेले, म्हणजे वापरायचे पाणी संपून तळाचा साठा उरला, तेव्हा सोलापूर शहरात राहणारी माझी बहीण नळाला पाणी कधी येईल याकडे डोळे लावून बसलेली असे आणि इकडे माझा ऊस मात्र उभा होता. ठिबक केले आहे, तरीही ऊस तो ऊसच. पीक बदलावे असे मनापासून वाटते. परंतु उसाच्या एफआरपीला, म्हणजे कारखान्याने द्यायच्या किमान दराला, कायद्याचा आधार आहे, तर तुरीचा हमीभाव जाहीर झाला तरी माल त्या भावाने खरेदी होईलच याची शाश्वती नसते. मुलीच्या लग्नाचे कर्ज फिटेपर्यंत ऊसच ठेवायचा असे मी ठरवले आहे. घरकुलवासींच्या मापाने पाहिले तर माझ्या हातात त्यांच्या सासूबाईंपेक्षा पुष्कळ निवड आहे, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच हा निर्णय मला टोचत राहतो.

भीमाकाठ

माढेकर, थोडे विषयाला सोडून विचारतो, क्षमस्व. कालव्याला सोडलेले या वेळच्या आवर्तनाचे पाणी तुमच्या शेवटच्या चारीपर्यंत, म्हणजे छोट्या पाटापर्यंत, पोहोचले का? आमच्याकडे टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, अजून काहीच आलेले नाही.

माढेकर

आमच्याकडे परवा आले, पण दाब कमी आहे. टेलच्या शेतकऱ्यांनी एकत्र जाऊन शाखा अभियंत्यांना भेटावे, एकट्यादुकट्याने जाऊन उपयोग होत नाही.

तळ्याकाठचा

आमच्या घरी शरणांचा, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या संतांचा, विचार आहे, म्हणून त्या अंगाने लिहितो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन सोलापूरचे तळे खोदले. ते त्यांचे कायक, म्हणजे भक्ती मानून केलेले कष्टाचे काम, होते. कष्ट प्रामाणिक असावेत आणि त्यातून जे मिळेल त्यात दासोहाचा, म्हणजे समाजाचा, वाटा असावा, अशी ही शिकवण आहे. त्या काळच्या शरणांमध्ये नावाडी, धोबी, लाकूडतोडे होते हे अनेकांना माहीत असते. परंतु हेंडद मारय्या नावाचे ताडी विकणारे शरणही होते. प्यायला येणाऱ्यांना ते पिण्यापासून परावृत्त करत, असे परंपरेत सांगतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण ज्याचे काम सदोष आहे त्याला बाहेर ठेवून धर्माची चर्चा करावी, असे त्या लोकांना वाटले नाही. त्यांनी त्याला आपल्यात बसवून घेतले आणि त्याची वचनेही, म्हणजे त्याने रचलेले बोलही, जपली. ताईंच्या अम्मांनी विडी वळली आणि त्याच मजुरीवर वाढलेली लेक आज ती सोडवण्याचे काम करते, यात मला विसंगती दिसत नाही.

जुनीगिरण

वरचे सगळे आदराने वाचले, पण ओढणारा माणूस या चर्चेत फार थोडा आला. माझे वडील सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडल्यानंतर कट्ट्यावर बसून ते दिवसभर विड्या ओढत, आणि शेवटची दोन वर्षे त्यांना उताणे झोपता येत नव्हते. उशा रचून, बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढीच झोप. विडी वळणाऱ्या बायकांवर माझा राग नाही. राग आहे तो त्यांना पुढे करून केलेल्या युक्तिवादावर. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले, तेव्हा कामगारांची रोजी वाचेल असेच कारण पुढे केले गेले. विडी ही गरिबाची म्हणून ती स्वस्त ठेवायची, तर गरिबाच्या फुप्फुसाची किंमत कमी आहे असे आपण म्हणतो आहोत का? याचे उत्तर कोणीतरी मला द्यावे.

श्वासमात्रा

जुनीगिरण दादा, तुमच्या वडिलांसारखे, बसून झोपणारे रुग्ण मी रोज पाहते, त्यामुळे तुमचा प्रश्न मला टाळता येणार नाही. कर कमी करण्याच्या मी विरोधात आहे. त्याच वेळी हेही खरे, की जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये तो जुना कल्याण उपकर रद्द झाला, आणि विडीचा पैसा विडीवाल्या बाईसाठीच राखून ठेवण्याची जी सोय होती ती संपली. कर जास्त असावा आणि त्याचा ठरावीक भाग या बायकांना दुसरे काम मिळवून देण्यासाठी बांधील असावा, असे मला आता वाटते. नुसता कर वाढवला तर त्याचा भार पुन्हा मजुरीवरच येईल, कारण विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, तरी घरी बसून वळणाऱ्या बाईपर्यंत त्याचे संरक्षण क्वचितच पूर्ण पोहोचले. अम्माशीही मी काल यावर बोलले. ती म्हणाली, “मला दुसरं काम कुणी विचारलंच नाही गं.”

सातरस्ता

सर्वांचे वाचते आहे. स्वयंपाक आवरून सविस्तर लिहीन. जुनीगिरण दादांच्या प्रश्नावर मला बोलायचे आहे.

घरकुलवासी

दुसऱ्या कामाचे विचारले म्हणून सांगते. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे आणि मी स्वतः घरी मशीनवर गणवेश शिवते. पाठ आखडते, पण धूळ नाही आणि मुलांना जवळ बसवता येते. आमच्या ओळीतल्या दोन-तीन सुना विडी सोडून याच कामाला लागल्या. अडचण एवढीच, की शाळा सुरू झाल्या की मागणी ओसरते, आणि पुढचे काही महिने आमचे घर सासूबाईंच्या विड्यांवरच चालते. करातून पैसा राखायचा असेल, तर तो आधी या रिकाम्या महिन्यांसाठी राखावा.