मदत हवी आहे : यंत्रमागांच्या कामासाठी अनेक मापांचा नट ड्रायव्हर घ्यावा की सुटेच ठेवावेत?

सर्व जाणकारांस नमस्कार.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतील टॉवेल आणि चादरीच्या काही कारखान्यांच्या विजेच्या देखभालीचे काम मी ठेक्याने करतो. मागांच्या मोटरी, स्टार्टर, पॅनेल आणि अधूनमधून छताखालचे पत्र्याचे डक्ट असा कामाचा व्याप असून माझ्याबरोबर चार मुले आहेत. प्रत्येकाच्या पिशवीत आज ५.५, ७, ८, १० आणि १३ मिलिमीटरचे सुटे नट ड्रायव्हर (टोकाला नटवर चढणारे पोकळ तोंड असलेले, पेचकसासारखे अवजार) असतात, शिवाय पाव इंची चौकोनी ड्राइव्हचा गोट्यांचा (म्हणजे सुट्या पोकळ तोंडांचा, सॉकेटचा) संच असतो. पिशवी जड होते ही तक्रार मी फारशी मनावर घेतली नसती; परंतु सातची किंवा दहाची गोटी हरवल्याशिवाय आमचा महिना सरत नाही. त्यातच मागांच्या खडखडाटात ‘सात’ आणि ‘आठ’ यांतला फरक ऐकू येत नाही, म्हणून आम्ही बोटे दाखवून मागतो, आणि ज्याला मागायचे असते त्याचा एक हात नेमका नटवर अडकलेला असतो.

या कारणाने एकाच मुठीत चार-सहा मापे देणारा ड्रायव्हर सर्वांना द्यावा असा विचार मनात आला आणि गेल्या काही महिन्यांत मी तीन प्रकार आणून स्वतः वापरून पाहिले. पहिल्या प्रकारात मुठीतला दांडा दोन्ही टोकांनी वापरता येतो व प्रत्येक टोकाला उलटसुलट बसणारी दुतोंडी गोटी असते. दुसऱ्यात स्प्रिंगवर एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात. मोठ्या नटवर दाबले की आतली लहान नळी मागे सरते. तिसरा प्रकार म्हणजे बारीक दांड्यांचा गुच्छ असलेली ‘कुठल्याही नटला चालणारी’ गोटी. तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण तिचे दांडे नटला कोपऱ्यापाशी कसेबसे धरतात आणि घट्ट बसलेला नट सुटण्याऐवजी गोल होतो.

पहिल्याच खरेदीत माझी फसगत झाली. ती मापे इंचात होती आणि दोष माझाच, कारण मी डबीवरचे बारीक अक्षर वाचले नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ५/१६ म्हणजे ७.९४ आणि ३/८ म्हणजे ९.५३ मिमी, त्यामुळे आमच्या सातच्या आणि दहाच्या नटांवर पहिली व तिसरी गोटी चढतच नाही. ५/१६ ची मात्र आठच्या डोक्यावर चढते, तीही जस्ताचा जाड थर नसेल तरच. डक्टचे काम करणाऱ्या परदेशी कारागिरांसाठी ती मापे योग्य असतीलही, पण आमच्याकडे त्या मापांतले एकच उपयोगी पडले. त्यानंतर मिलिमीटरचा संच मागवला.

त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझा मुख्य प्रश्न तिथेच आहे. एका कारखान्यात मेन पाडून, त्याला कुलूप घालून, आम्ही पॅनेलमधील एम ६ च्या (६ मिमी जाडीच्या बोल्टच्या, दहाच्या नटच्या) जोडण्या आवळत होतो. दहाच्या बाजूने काम झाल्यावर मुलाने दांडा ओढला, तेव्हा मूठ आणि दांडा त्याच्या हातात आला आणि दुतोंडी गोटी नटवरच राहिली. तिला धरून ठेवणारी बारीक पोलादी गोळी तिच्या स्प्रिंगसह आत दबून बसली होती, कारण तिच्याभोवती तेल आणि कापसाचा तूस यांचा काळा लगदा साचला होता. मुलाने हात लावताच गोटी खाली घसरली आणि तळाच्या केबलींच्या जुडग्यात गेली. ती अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू शोधायला आम्हाला पाऊण तास लागला. सापडल्याशिवाय मेन चढवणे शक्य नव्हते आणि बाहेर माग बंद ठेवून मालक उभे होते. सुट्या नट ड्रायव्हरमधून निखळून पडण्यासारखे काहीच नसते, हे त्या दिवशी चांगलेच लक्षात आले.

दुसरी अडचण मोटरीच्या टर्मिनल पेटीत येते. तिथले स्टड (तारा जोडायचे आटेदार खुंट) पितळी, एम ४ किंवा एम ५ चे, आणि नटच्या वर बरेच बाहेर आलेले असतात. सुट्या पोकळ दांड्याच्या ड्रायव्हरमध्ये स्टड खोलवर शिरतो. परंतु अनेक मापांच्या ड्रायव्हरमध्ये आत चुंबक किंवा दुसरी नळी असल्याने स्टडचे टोक तिच्यावर टेकते आणि गोटी नटवर अर्धीच बसते. एम ४ च्या नटची उंची जेमतेम ३.२ मिमी, त्यात गोटीच्या तोंडाचा उतार एखादा मिलिमीटर खातो, मग पकडायला उरते काय? पितळी नटचे कोपरे असेच गेले. चुंबकाचा तर इथे काहीच लाभ नाही, कारण पितळ त्याला चिकटत नाही. उलट डक्टच्या कामात उडालेला लोखंडी चुरा तो जपून ठेवतो आणि नेमका टर्मिनल पेटीत आणून सोडतो.

माझे प्रश्न असे आहेत. अनेक मापांचा ड्रायव्हर अशा कामात कुठे वापरावा आणि कुठे हातही लावू नये, याची आपण आखलेली काही सीमारेषा आहे का? तूस उडणाऱ्या जागेत अशा अवजाराला तेल द्यावे की कोरडेच ठेवावे? झिजलेली गोटी कधी बाद करायची, हे आपण कसे ठरवता? आणि जुन्या साध्या मागांच्या सांगाड्यावर काही बोल्ट असे आहेत की तेराची गोटी बसत नाही आणि चौदाची डुलते. व्हर्नियरने ते डोके १३.३ मिमी भरले. त्याला काय वापरावे?

प्रतिसाद १

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मागांवर जॉबर (मागांची जुळणी व दुरुस्ती पाहणारा) म्हणून माझी बरीच वर्षे गेली आहेत. ते बोल्ट व्हिटवर्थ आट्यांचे आहेत. ही इंचांची जुनी इंग्रजी पद्धत १८४१ मधली असून तिच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो, मेट्रिकचा ६० अंशांचा. त्यात माप बोल्टच्या जाडीवरून सांगतात, डोक्याच्या रुंदीवरून नाही. जुन्या पाव इंची व्हिटवर्थ बोल्टचे डोके ०.५२५ इंच, म्हणजेच तुमचे १३.३ मिमी, ५/१६ चे १५.२ आणि ३/८ चे १८ मिमी. शेवटच्यावर अठराची गोटी चालते, पहिल्या दोन्हींना मात्र व्हिटवर्थचाच पाना हवा. दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवण्यासाठी ही डोकी एक माप लहान करण्यात आली, त्यामुळे आटे तेच असूनही डोके वेगळे, असेही बोल्ट तुम्हाला सापडतील. चौदाची गोटी ठोकून बसवण्याचा मोह कृपया टाळा, आणि एम ६ चा नट तिथे बळेच चढवू नका; त्याने आटे जातात.

अनेक मापांच्या ड्रायव्हरविषयी माझे मत तुमच्यापेक्षा कठोर आहे. माग चालू असलेल्या शेडमध्ये निखळणारा कोणताही भाग असलेले अवजार मी आत नेऊ देत नाही. पॅनेलमध्ये पडलेली गोटी पाऊण तासात सापडली. ती मागाच्या दात्यांत पडली असती तर तुम्हाला शोधावी लागली नसती, तिने स्वतःच आवाज दिला असता.

प्रतिसाद २

वरील मताचा आदर राखूनही मी ड्रायव्हर पूर्णपणे बाद करणार नाही. पत्र्याच्या कामात त्याचा खरोखर उपयोग होतो. डक्टला आणि छताला लागणाऱ्या स्वतःच भोक पाडणाऱ्या स्क्रूंपैकी ४.८ आणि ५.५ मिमीच्या स्क्रूंचे डोके आठचे, तर ६.३ च्या स्क्रूचे दहाचे असते. म्हणजे एकाच दुतोंडी गोटीत काम भागते आणि तिथे चुंबकही हवाच असतो. फक्त ती गोटी इम्पॅक्ट मशीनवर (धक्के देत फिरवणाऱ्या यंत्रावर) लावायची असेल तर त्यासाठीच बनवलेली, काळसर रंगाची घ्या. चकचकीत मुलाम्याची हातकामाची गोटी त्या धक्क्यांनी तडकते. टर्मिनल पेटीसाठी मात्र पोकळ दांड्याचे सातचे आणि आठचे, बिनचुंबकाचे सुटे ड्रायव्हरच ठेवा. तिथे ताकद लागतही नाही. एम ४ च्या पितळी स्टडला साधारण सव्वा आणि एम ५ ला दोन न्यूटन-मीटर पुरतात, म्हणून जाड मूठ नको. आणि दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे अवजार विजेपासून सुरक्षित झाले, असे मुलांना वाटत असल्यास ते आधी मोडून काढा. दुहेरी त्रिकोण आणि १००० व्होल्टची खूण नसलेले अवजार बंद पुरवठ्यावरच वापरायचे.

तोंडाच्या उताराला एक उपाय आहे. सातच्या सुट्या गोटीचे तोंड लेथवर किंवा ग्राइंडरवर सपाट करून घ्या, म्हणजे नट पहिल्या मिलिमीटरपासून पकडला जातो. घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. निळसर झाक आली तर तिथले पोलाद मऊ पडले असे समजा. गोटीत चुंबक असल्यास तो आधी काढा, कारण साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर ताकद गमावू लागतो. मुलामा गेलेल्या कडेला नंतर गंज धरतो, म्हणून तेवढ्या कडेवर तेलाचे बोट फिरवा.

तेलाचा प्रश्न तुम्ही योग्य विचारला आहे. ग्रीस नकोच. स्प्रिंगची गोळी आणि असल्यास रॅचेटचे (एकाच दिशेने फिरू देणाऱ्या चाकाचे) दात महिन्यातून एकदा ब्रश व रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, शिलाई यंत्राच्या पातळ तेलाचा एकच थेंब द्या आणि बाहेर आलेले तेल फडक्याने टिपून घ्या. बाहेर ओल राहिली की तूस तिच्यावरच बसतो. मूठ मात्र रॉकेलमध्ये बुडवू नका. रबरासारखी मऊ मूठ त्याने चिकट होते आणि पुन्हा सुधारत नाही. चुंबकावरचा चुरा फुंकून निघत नाही. खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीचा गोळा आत दाबून ओढला की तळापर्यंतचा चुरा बाहेर येतो. झीज पाहण्यासाठी प्रत्येक मापाचा एक कोरा नट डबीत ठेवा. नव्या दहाच्या गोटीत फार तर दोन दशांश मिलिमीटर मोकळीक असते. कोऱ्या नटवर गोटी हाताने जाणवण्याइतकी फिरत असेल, किंवा तोंड आतल्यापेक्षा रुंद झालेले दिसत असेल, तर ती बाद.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. जॉबरसाहेबांचा नियम शेडपुरता आजपासून लागू केला आहे. दुतोंडी ड्रायव्हर दोनच ठेवले आहेत आणि ते डक्टच्या पेटीतून बाहेर काढायचे नाहीत, असे ठरले. टर्मिनल पेटीसाठी सातचे आणि आठचे पोकळ ड्रायव्हर प्रत्येकाला दिले असून सातच्या मुठीला लाल व आठच्या मुठीला पिवळी पट्टी लावली आहे, त्यामुळे आता आम्ही बोटे मोजून दाखवण्याऐवजी रंगाच्या पट्टीकडे हात दाखवतो.

सातच्या एका जुन्या गोटीचे तोंड ओळखीच्या लेथवर सपाट करून घेतले. काल ज्या पितळी नटचे कोपरे निम्मे गेले होते, तो तिने सुटला. व्हिटवर्थचे पाने मात्र गावातल्या दोन दुकानांत मिळाले नाहीत. तिसऱ्या दुकानदाराने जुन्या पेटीतून ‘१/४ डब्ल्यू’ असे कोरलेला एक रिंग पाना काढून दिला. तो मागाच्या बोल्टवर अलगद बसला. ५/१६ चा अजून हवा आहे. सोलापुरात किंवा जवळपास कुठे मिळेल हे कोणास ठाऊक असल्यास कृपया याच धाग्यावर कळवावे.