मदत हवी आहे: सॅमी जॅक्सनचे रेडिओ कार्यक्रम कुठे ऐकायला मिळतील?

जुन्या अमेरिकन टीव्ही आणि कंट्री संगीताचे शौकीन इथे आहेत का? विशेषतः लॉस एंजेलिसकडची मंडळी?

सॅमी जॅक्सन हा नॉर्थ कॅरोलिनाचा नट. १९६४-६५ मध्ये एबीसी वाहिनीवरच्या 'नो टाइम फॉर सार्जंट्स' मालिकेत तो विल स्टॉकडेल झाला होता. ही भूमिका आधी रंगभूमीवर आणि १९५८ च्या चित्रपटात अँडी ग्रिफिथने गाजवलेली. आणि गंमत बघा, सोमवारी रात्री साडेआठला, म्हणजे या मालिकेच्याच वेळेला, सीबीएस वाहिनीवर नेमका ग्रिफिथचाच कार्यक्रम! समोर मूळ विल स्टॉकडेलच बसलाय म्हटल्यावर नव्याचं काय होणार? मालिका एका हंगामात आटोपली.

पुढे 'द नाइट ऑफ द ग्रिझली'सारखे एकदोन चित्रपट झाले, पण नाव झालं ते कंट्री डिस्क जॉकी (रेडिओवर गाणी लावणारा निवेदक) म्हणून. लॉस एंजेलिसचं केएलएसी रेडिओ स्टेशन १९७० मध्ये कंट्री संगीताकडे वळलं, तिथे तो निवेदक होता. मला त्याच्या अभिनयापेक्षा ही दुसरी खेळीच जास्त खुणावतेय.

तर, त्याच्या केएलएसीवरच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं कुणाच्या ऐकण्यात आहेत का? गाणी कापून फक्त निवेदन ठेवलेली असली तरी चालतील, मला त्याचं बोलणंच ऐकायचंय. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या संग्रहात रेडिओचं असं काही मिळतं का, आणि भारतात बसून ते मागवता येतं का? जुन्या कॅसेट जमवणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.