गावातल्या १५ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी जीवनकौशल्यांचा गट: व्याख्यानांऐवजी काय घ्यावं?

जतपूर्व
जत तालुक्याच्या पूर्व भागातलं गाव, वस्त्या धरून अडीच हजारांच्या आसपास लोकसंख्या. तरुण मंडळाला १५ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी टिकेल असं काहीतरी चालवायचं आहे. आत्तापर्यंत दोन-दोन दिवसांची शिबिरं झाली. पाहुणे आत्मविश्वासावर आणि वेळेच्या नियोजनावर बोलतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, महिन्याभरात सगळं थंड. जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यांची (निर्णय घेणं, समस्या सोडवणं, संवाद साधणं वगैरे) यादी हाताशी आहे, पण ती प्रत्यक्षात कशी उतरवायची ते कळत नाही. निम्म्या घरांत कानडी बोलतात. मुली पहिल्या दिवशी येतात, मग येत नाहीत. पैसे वर्गणीतले, पाच-सहा हजारांच्या आत. जमेल तेवढं नेमकं सांगा.

कोयनाकाठ
दादा, दहा कौशल्यांची दहा सत्रं करू नका. निर्णय घेण्यावर दीड तास ऐकून कुणाला निर्णय घेता येत नाही. हातात खरं काम, खरे पैसे आणि चुकायची मुभा दिली की त्या यादीतली निम्मी कौशल्यं एकाच कामात येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहून, एकत्र जेवून, अंगमेहनतीची कामं करत शिकली. वाट आपल्याकडे जुनीच आहे.

पहिलं काम असं द्या. सात-आठ जणांच्या गटाला ५०० रुपये रोख, मुदत दोन आठवडे. गावातली एक छोटी अडचण सोडवायची: शाळेच्या टाकीची गळकी तोटी बदलणे, थांब्यावर एसटीचं वेळापत्रक रंगवणे, रस्त्याकडेच्या रोपांना काट्यांचं कुंपण करणे. काय करायचं ते गटानेच ठरवायचं. अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंचाची तोटी आणली तरी मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. दुकानात परत जाऊन ती बदलून आणताना मूल जेवढं बोलायला शिकतं, तेवढं व्याख्यानात शिकत नाही.

पैसा तीन हातांत ठेवा. रोकड एकाकडे, किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही दुसऱ्याकडे, पावत्या तिसऱ्याकडे. किर्दीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक, आणि बैठक संपताना रोकड सगळ्यांसमोर मोजायची. सुरुवातीला तीस-चाळीस रुपयांचा फरक येतोच. कारणंही ठरलेली: वडापचं (शेअर जीपचं) भाडं लिहायचं राहिलं, दुकानदाराकडे सुट्टे नव्हते, किंवा किर्द चार दिवसांनी आठवून भरली. त्या वेळी ‘पैसे कुणी खाल्ले?’ हा प्रश्न निघाला की गट फुटला म्हणून समजा. आधी पावत्या तारखेप्रमाणे लावा. एकेक पावती मोठ्याने वाचा आणि किर्दीतल्या त्या ओळीवर खूण करा. जी ओळ बिनपावतीची राहील तिचा खुलासा खर्च करणाऱ्याने तोंडी द्यायचा. तरीही फरक राहिला तर ‘हिशेब लागला नाही’ असं लाल शाईने लिहून पुढे चला. फरक झाकायला कुणालाही खिशातून पैसे घालू देऊ नका. एकदा ती सवय लागली की किर्द खोटी व्हायला सुरुवात होते, आणि खोटी किर्द मुलांनी आजूबाजूला भरपूर पाहिलेली असते.

काम झालं की वीस मिनिटं गोल बसायचं. तीनच प्रश्न: काय ठरलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं. प्रत्येकाने निदान एक वाक्य बोलायचं. कुणी अडखळलं तर त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, थांबायचं. बहुतेक ठिकाणी फोटो काढून झाला की हीच वीस मिनिटं गाळली जातात आणि मागे नुसतं श्रमदान उरतं.

मिरज_पूर्व
मुली का थांबतात हे विषयात शोधू नका, वेळेत आणि जागेत शोधा. संध्याकाळी धारा, डेअरीला दूध, पाणी, स्वयंपाक. त्यामुळे रविवारी दुपारी ३ ते ४.३० ठेवा, म्हणजे लांबच्या वस्तीवरची मुलगीही उजेडात घरी पोचेल. जागा रस्त्यावरून दिसणारी हवी: शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा मंडप. तालमीत अजिबात नको, मुली तिथे पाय ठेवणार नाहीत. सुरू करण्याआधी एका बाईला बरोबर घेऊन प्रत्येक घरी जा आणि आईशी बोला. वडिलांचा होकार पुरत नाही, कारण रविवारी दुपारी पोरीच्या वाटणीचं काम कोण करणार हे आईलाच ठरवावं लागतं. तिसऱ्या रविवारी आयांना बोलवा आणि मुलींनी त्यांच्यासमोर किर्द वाचून दाखवू द्या.

दुसरं म्हणजे कामाची वाटणी. लक्ष नसलं की मुलींकडे चहा आणि रांगोळी, मुलांकडे रोकड आणि बाजार असं आपसूक होतं. चिठ्ठ्या टाका, दर महिन्याला कामं बदला. गटही चिठ्ठ्यांनीच पाडा, नाहीतर मुलं वस्ती आणि जात बघून बसतात. कपबशा कोण विसळतं यावर नजर ठेवा. दर वेळी तेच ते पोर दिसलं तर त्याच दिवशी थांबवा.

कानडीची अडचण वाटून घेऊ नका. चर्चा येईल त्या भाषेत, किर्द मराठीत. दोन्ही भाषा येणाऱ्याला दुभाष्याचं काम द्या. दुसऱ्याचं म्हणणं पुरतं ऐकून, आपलं काही न घालता सांगणं ही मोठी तालीम आहे.

आणि हे टाळू नका: दोन मोठी माणसं कायम हजर, त्यात एक बाई. एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरातल्या अत्याचाराबद्दल सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, आणि चारचौघांत विचारपूसही करू नका. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या. कमी वयातल्या लग्नाच्या बाबतीतही तोच नंबर.

विटा_रोड
किर्दीबद्दल सहमत. त्याला जोडून ‘नाही’ म्हणण्याचा सराव घ्या, पण प्रसंग आजचा हवा. उदाहरणार्थ: ‘तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, एटीएम कार्ड आणि सिमसकट. पाच हजार देतो.’ फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवतात. पुढे खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

तिघांचा गट करा: मागणारा, नकार देणारा, बघणारा. वेळ तीन मिनिटं. मागणाऱ्याने तीनदा मागायचं: आधी पैशाच्या लालचेने, मग दोस्तीच्या शपथेवर, शेवटी ‘घाबरट आहेस’ म्हणून हिणवून. जवळजवळ सगळी मुलं पहिल्यांदा फसतात ती कारणं देऊन. ‘बाबा रागावतील’ म्हटलं की ‘त्यांना सांगायचं कशाला?’, ‘कार्ड घरी आहे’ म्हटलं की ‘संध्याकाळी आण’. दिलेलं प्रत्येक कारण समोरच्याला पुढची पायरी होतं. ‘खातं मी कुणालाच देत नाही’ हे एकच वाक्य आवाज न चढवता पुन्हा म्हणायचं आणि तिथून उठायचं. बघणाऱ्याने कारणं बोटांवर मोजायची, मग भूमिका बदलायच्या. तिसऱ्या फेरीपर्यंत कारणं कमी होऊन बोटं मिटायला लागतात. शेवटी दोन गोष्टी तोंडपाठ करून घ्या: पैसे यायला यूपीआयचा पिन लागत नाही, आणि फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला फोन.

जतपूर्व
फार उपयोगी. दोन शंका राहिल्या. वर्षातली कोणती वेळ धरावी? आणि मुलांना जमायला लागलं हे ओळखायचं कसं?

कोयनाकाठ
जूनमध्ये कॉलेज लागल्यावर सुरू करा, दसऱ्याला संपवा. साधारण सोळा रविवार मिळतात. दिवाळीनंतर तुमच्याकडची बरीच कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि नंतर दहावी-बारावीच्या परीक्षा लागतात. गणपतीच्या दहा दिवसांत सत्र नको, पण मंडळाच्या वर्गणीची किर्द याच मुलांकडे द्या. मंडळाची तयारी खरी किती आहे तेही त्यातून कळेल.

ओळखायला पेपर घेऊ नका. पहिल्या आणि शेवटच्या रविवारी त्याच चार गोष्टी करायला सांगा: बँकेत पैसे भरायची स्लिप न विचारता भरणे, अनोळखी माणसासमोर एक मिनिट बोलणे, दहा नोंदींची शिल्लक काढणे, ग्रामपंचायतीला अर्ज लिहिणे. जमलं, मदतीने जमलं, नाही जमलं, एवढंच टिपा.

शेवटचं काम ग्रामसभेचं ठेवा. मतदार यादीत नाव असलेली १८ पूर्ण मुलं तिथे बोलू शकतात, आणि मुलींना आधी होणाऱ्या महिला सभेत बोलायची सवय करता येते. लहानांनी अर्ज तयार करून द्यायचा: एकच मागणी, जागा आणि माप नेमकं, म्हणजे ‘दिवे लावा’ असं मोघम न लिहिता कोणत्या वस्तीच्या वाटेवर किती खांबांवर, ते. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. ‘उद्या या, शिक्का साहेबांकडे आहे’ असं सांगतील, तर मुलांनी नम्रपणे वेळ विचारून त्या वेळेला परत जायचं. पोच हातात नसली तर पुढच्या सभेत ‘असा अर्ज आलाच नाही’ यावर विषय संपतो.