'विष ते विष' म्हणणाऱ्यांना एक उत्तर

अगाशीवाली (मांजलपूर, बडोदा)
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "बागेतली औषधं सगळी सारखीच, विष ते विष. कडुनिंबाचं तेल घाला, बाकी काही लागत नाही." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या मिरच्यांची पानं वाटीसारखी वळली. माळ्याने "हे सगळ्यावर चालतं" म्हणत फवारणी केली. आठ दिवसांत शेंड्यांवर बारीक जाळी धरली. ते लाल कोळी होते. कोळ्याला आठ पाय, तो कीटकच नव्हे. कीटकनाशकाने त्याला खाणारे किडे तेवढे मेले आणि त्याला रान मोकळं झालं. तिथे कोळीनाशक हवं होतं.

म्हणून प्रकार कळायला हवेत. स्पर्शजन्य औषध अंगावर पडलं तरच कीड मरते. आंतरप्रवाही औषध झाड रसात ओढून घेतं, मग रस पिणारा मावा मरतो. बुरशीनाशकाने मावा मरत नाही आणि कीटकनाशकाने भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) जात नाही.

मातीवाला
ताई, 'आंतरप्रवाही' किती सहज लिहून गेलात! त्यातलंच एक इमिडाक्लोप्रिड, ते कुंडीत ओतलं की ते परागात आणि मधातही उतरतं. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये मोकळ्या शेतात त्याचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. आणि तुमची मिरची तुम्हीच खाता ना?
माझ्या कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. दोन काड्यांनी उचलतो. बाटली लागत नाही.

दांडियाबाजारकर
दोघंही मूळ गोष्ट सोडून भांडताय. मी तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, शेतीच्या. डब्यावरचा रंगीत त्रिकोण, औषध किती विषारी ते सांगणारा, कुणी बघतं का? लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि तो त्रिकोण नसलेली सुटी बाटली घरात येतेच कशी?
१९८९ साली आमच्या वाड्यात माळ्याने थंड पेयाच्या बाटलीत औषध आणून जिन्याखाली ठेवलं. माझा सहा वर्षांचा पुतण्या ते प्यायला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "औषध कोणतं?" सांगता येईना. मुलगा वाचला, पण त्या तीन रात्री मी विसरलेलो नाही.

मातीवाला
काका, वाईट वाटलं. पण तुम्ही आयुष्यभर हीच विकलीत, त्यांचीच बाजू घेणार.

दांडियाबाजारकर
विकली, म्हणूनच सांगतोय! सुटं मागणाऱ्याला मी दारातून परत पाठवायचो, त्यात गिऱ्हाईकंही गेली. २०१७ साली यवतमाळला फवारणी करता करता शेतकरी दगावले, ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही मला. डब्यातली घडीची चिठ्ठी वाचा. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही, हे तिच्यात लिहिलेलं असतं.

अगाशीवाली
मातीवाला, काकांना असं बोलायचं काम नव्हतं. आणि अळ्या उचलता येतात हो, कोळी उचलून दाखवा. ते भिंगातून दिसतात. कडुनिंबाचं तेल मीही वापरते, पण भर उन्हात फवारलं तर त्यातला गुण टिकत नाही आणि साबण न घालता पाण्यात मिसळत नाही. हे तुमच्यापैकी कुणी लिहीत नाही.

मातीवाला
काका, चुकलं माझं. कोळ्यांचंही मान्य, नाइलाजाने. त्यावर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, भुरीवरही चालतं. मात्र आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात मारू नका, पानं भाजतात. खायच्या झाडाला आंतरप्रवाही नको, हे मात्र मी सोडणार नाही.

अगाशीवाली
कुंडीतल्या मिरचीला नाही घालणार. जास्वंदीचं बघते, तिच्यावरही मधमाश्या येतात.
काकांचं वाचून आत्ता अगाशीवरची फळी तपासली. खताच्या पोत्यामागे पाण्याची बाटली, तळाशी चार बोटं दुधाळ पाणी, चिठ्ठी नाही. माळ्याला फोन केला, त्यालाही आठवेना. माझी नात रोज संध्याकाळी तिथेच खेळते. काका, या बाटलीचं काय करू?

दांडियाबाजारकर
मोरीत ओतू नका, वास घेऊ नका. हातमोजे घालून झाकण घट्ट करा, दुसऱ्या डब्यात घालून 'विष' लिहा आणि कुलपात ठेवा. सकाळी महापालिकेत विचारू, मी येतो बरोबर.